घटाच्या मातीतला रणगाडा

माती विकत आणायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तसं मी आयुष्यात फारसं काही ठरवत नाही (आमच्या घरी ते खातं बायकोकडे, म्हणजे सोनालीकडे आहे, आणि म्हणूनच घर चाललंय), पण ही एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्याने ठरवली. पुढे जे काही झालं ते सगळं त्या डोक्यामुळेच झालं, असं सोनालीचं म्हणणं आहे.

मी मल्हार. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदावरही शिक्का मारायचा, हे माझं काम. अशा माणसाने प्लास्टिकचे तीनशे तुकडे चिकटवून युद्धातला रणगाडा करायला घ्यावा, आणि त्याच्याखाली अस्सल वाटणारं रणांगणही उभं करावं, यामागे तसंच कारण लागतं. माझं कारण म्हणजे माझे सासरे.

सासरे धुळाप्पा हे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. मैंदर्गीजवळच्या वस्तीवर राहतात, थोडं रान आहे, तीसेक मेंढरं आहेत. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्याचे ड्रायव्हर होते. वय अवघं एकोणीस. त्या लढाईतला त्यांचा एकच फोटो होता. मागे सेंच्युरियन रणगाडा, पुढे मोकळी जमीन, आणि जमिनीवर मिशी नुकती फुटलेले धुळाप्पा हसत उभे. हा फोटो दोन हजार तेरा साली मी त्यांच्याकडून मागून आणला. लॅमिनेशन करून, फ्रेम करून त्यांच्याच भिंतीवर लावावा, असा माझा उदात्त हेतू होता. दुकानदार म्हणाला, जुना कागद आहे, हलक्या आचेवर करू. मीच म्हणालो, चांगलं गरम करा, जन्मभर टिकलं पाहिजे. मशीनमधून जे बाहेर आलं ते उडदाच्या पापडासारखं दिसत होतं.

धुळाप्पांनी तो पापड हातात घेतला, उलटसुलट बघितला, खिशात घातला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त माझ्यासाठीचं बोलणं ते सोनालीकडे देऊ लागले. मी समोर जेवायला बसलेलो असायचो आणि ते म्हणायचे, सोनाली, त्यांना भाकरी वाढ. सोनाली, त्यांना म्हणावं पंखा जरा कमी करा. एकदा वस्तीवर मी ओसरीत बसलो होतो, तर त्यांनी हाक मारली, "सोनाली, त्यांना सांग, पायाजवळ इंचू हाय." सोनाली अंघोळीला गेली होती. (विंचू लहान होता. पण सूज उतरायला तीन दिवस लागले.)

बारा वर्षं असं चाललं. मला ते आतून लागायचं. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे सासऱ्यांनी एकदा तरी मला सरळ नावाने हाक मारावी, निदान "ओ पावनं" तरी म्हणावं, असं फार वाटायचं. यंदा दसऱ्याला ते दोघं आमच्याकडे येणार होते. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की गेलेला फोटो आपण पुन्हा उभा करायचा. कागदावर नाही, चांगला हाताएवढा. रणगाडा, जमीन, आणि पुढे उभा एकोणीस वर्षांचा धुळाप्पा.

रणगाड्याला दीड महिना लागला. त्यात दोन तुकडे हरवले आणि एक झाकण माझ्या अंगठ्याला चिकटलं. ते अंगठ्यावर घेऊनच मी एक दिवस ऑफिसात शिक्के मारले. साहेबांनी विचारलं तर म्हणालो, नखुरडं झालंय. पण रणगाडा जमला. अगदी शेजारच्या काशम्माकाकूंनीसुद्धा तो बघून ओळखलं की हे काहीतरी वाहन आहे.

राहिली जमीन. या विषयावरचे व्हिडिओ मी रात्रंदिवस पाहिले होते. त्यातला एक दाढीवाला साहेब बजावून सांगायचा की रणगाडा कुणीही करतो, खरं कसब जमिनीत असतं. जमीन खरी वाटली की लढाई खरी वाटते. मग तो छोट्या बाटल्यांतली माती काढायचा. सुकी माती, ओली माती, चिखल, धूळ, प्रत्येकाची वेगळी बाटली. कुरिअरने घरपोच. आता सोलापुरात राहणाऱ्या माणसाने परदेशातून धूळ मागवायची म्हणजे हद्द झाली. इथे आम्ही सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहितो.

म्हणून मी ठरवलं, माती विकत आणायची नाही.

आणि माती घरातच होती. मागच्या बाल्कनीत, कापडी पिशवीत. माझ्या सासूबाई मायाक्का दरवर्षी नवरात्राच्या आधी घटासाठी त्यांच्या रानातली माती एस.टी.ने पाठवतात. शहरातल्या मातीत देवीचा घट बसवायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. पिशवी उघडली आणि मी खूश झालो. काळीभोर, भुसभुशीत, बोटाला चिकटणारी. मध्ये मध्ये काही दाणेही दिसत होते. रानातली माती म्हटल्यावर चार दाणे असायचेच. दाढीवाला साहेब मातीत वरून काड्या-खडे टाकायला सांगायचा, माझ्याकडे ते आयते होते. मी मुद्दाम एक दाणा वेचला नाही.

माळ्यावरची जुनी ॲल्युमिनियमची परात काढली आणि सगळी पिशवी तीत ओतली. पण मग रिकाम्या पिशवीचं काय? घटस्थापना दोन दिवसांवर होती. आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत तेव्हा पाइपसाठी रस्ता खणून ठेवलेला होता. मी पिशवी घेऊन खाली गेलो, खड्ड्याच्या कडेची माती भरली, गाठ जशीच्या तशी मारली आणि पिशवी जागेवर ठेवली. शेवटी माती ती माती, असं मी मनाशी म्हणालो. देवीला काय कळतंय, असं मात्र मी म्हणालो नाही. हे मी सोनालीला नंतर शपथेवर सांगितलं.

परातीत पाणी घालून माती थापली, चाकांवरच्या पट्ट्यांचे माग उमटवले, रणगाडा बसवला, पुढे प्लास्टिकचा धुळाप्पा उभा केला. फार सुंदर दिसत होतं. संध्याकाळपर्यंत ऊन लागून जमीन तडकली. आपली काळी माती तडकते म्हणजे किती तडकते, ते मी सांगायला नको. माझा एकोणीस वर्षांचा धुळाप्पा एका भेगेत कमरेपर्यंत गेला. त्याला चिमट्याने वर काढला आणि पुन्हा साहेबाचा व्हिडिओ लावला. साहेब म्हणाला, जमीन हळूहळू सुकू द्या, दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारा आणि वर ओलं कापड झाका. डिंक सगळ्यात शेवटी. मी आपला जाड सोलापुरी टॉवेल भिजवला, परात झाकली, आणि घरात जाहीर केलं की दसऱ्यापर्यंत हा टॉवेल कोणीही उचलायचा नाही, बाबांसाठी सरप्राइज आहे. सोनाली शाळेत शिकवते. असली सरप्राइजं ती पाचवीच्या वर्गात रोज बघत असल्यामुळे तिने विशेष कुतूहल दाखवलं नाही.

घट बसला. मी मनोभावे आरती म्हटली आणि बाल्कनीत जाऊन फवारा मारला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी टॉवेल उचलला तर जमिनीवर पांढरे ठिपके. बुरशी असेल म्हणून पुसायला गेलो, तर ठिपके मुळासकट वर आले. चौथ्या दिवशी ते हिरवे होते आणि रणगाड्याच्या पट्ट्यांतून बाहेर डोकावत होते. एका बाजूने तर त्यांनी रणगाडा बोटभर उचलला होता.

मी बघतच राहिलो. एवढ्यात आतून सोनालीचा आवाज आला. ती फोनवर आईशी बोलत होती. "अगं, धान्य तू मातीतच मिसळून पाठवलं होतंस ना? म्हणून मी वेगळं काही पेरलंच नाही. चार दिवस झाले, घटात एक कोंब नाही की."

माझ्या हातातला फवारा चालूच राहिला. भिंत भिजली तेव्हा भानावर आलो.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? जाऊन सांगितलं असतं. मीही सांगणार होतो. पण घरातलं एक माणूस माझ्याशी बारा वर्षं बोलत नव्हतं. आता मायाक्काही बोलायच्या बंद झाल्या तर वस्तीवर गेल्यावर मला मेंढरांतच बसावं लागलं असतं. शिवाय सोनालीचा चेहरा बघवत नव्हता. एरवी ती असल्या गोष्टी मानत नाही. पण घट उगवला नाही तर घराला काहीतरी खोट लागते, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती दर तासाला देवघरात जाऊन वाकून बघायची आणि येऊन काही न बोलता भाजी चिरायला बसायची. माझ्यामुळे ती झुरत होती.

म्हणून पाचव्या दिवशी सकाळी, ती अंघोळीला गेल्यावर, मी रणांगणातले सात कोंब अलगद उपटले आणि देवघरातल्या घटात टोचले. सोनाली बाहेर आली, तिने बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आधी आईला फोन केला, मग काशम्माकाकूंना बोलावलं, मग मला साखर दिली. मी साखर खाल्ली. (त्या साखरेची चव अजून तोंडात आहे.)

संध्याकाळी साडेपाचला सातही कोंब माना टाकून आडवे झाले होते.

न उगवणं एक वेळ परवडलं. सकाळी उगवून संध्याकाळी मेलेला घट काशम्माकाकूंनी साठ वर्षांत पाहिला नव्हता, आणि हे त्यांनी जिन्यात तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सोनालीने रडत फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एस.टी.ने सासू-सासरे दारात उभे. दसऱ्याला येणारी माणसं चार दिवस आधी आली.

मायाक्का चपला काढून तडक देवघरात गेल्या. बसल्या, घटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि कानडीत देवीला काहीतरी म्हणाल्या. त्यात माझं नाव मला दोनदा ऐकू आलं. धुळाप्पा मागे उभे होते. ते पुढे झाले, खाली बसले आणि त्यांनी घटातली चिमूटभर माती उचलली. अंगठ्याने तळहातावर चोळली. वास घेतला. मग तिच्यातून एक काळा खडा वेगळा काढला आणि खिडकीशी धरला.

"ही आपल्या रानातली माती न्हाय," ते म्हणाले. "ह्यात डांबर हाय."

त्यांनी खडा फरशीवर ठेवला.

"सोनाली, त्यांना इचार, माझ्या रानाची माती कुटं हाय."

सोनालीने मान वळवली. तिला विचारावं लागलंच नाही. बारा वर्षं दुभाषी राहिलेल्या बाईला एवढं कळतं. मी उठलो, बाल्कनीत गेलो, टॉवेलसकट परात उचलली आणि आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवली. मग टॉवेल काढला.

मला वाटलं होतं तसं काहीच दिसत नव्हतं. मी करायला घेतलेलं रणांगण कुठेच नव्हतं. चार बोटं उंच, दाट, पोपटी हिरवं रान उभं होतं. ज्वारी होती, जवस होता, पण गहू सगळ्यांत जास्त. त्या रानातून तोफेची नळी तेवढी बाहेर आलेली होती. पुढचा माणूस गळ्यापर्यंत पिकात बुडालेला होता. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. पिशवी, खड्डा, फवारा, सात कोंब.

मायाक्का आधी माझ्यावर चांगलं तोंडसुख घेतील असं वाटलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या परातीला हात लावून डोळ्यांना लावत होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. बीज त्यांचं, माती त्यांची, उगवलंय झकास. देवी कुठल्या परातीत आली याला महत्त्व नाही. त्यांनी घटाचा कलश उचलून परातीत रणगाड्याला टेकून ठेवला आणि सोनालीला म्हणाल्या, "आता दसऱ्यापातुर हलवायचं न्हाय बघ. माळ हितंच बांध, त्या नळीला."

धुळाप्पांचं मात्र माळेकडे लक्ष नव्हतं. ते परातीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी एक बोट हळूच कोंबांतून फिरवलं, जसं मेंढराच्या लोकरीतून फिरवतात तसं.

"गहूच हुता," ते म्हणाले.

कुणालाच कळलं नाही. सोनालीने विचारलं, कुठे, बाबा?

"तितं. फोटोत कळायचं न्हाय, काळा-पांढरा फोटो. समद्यांना वाटायचं मोकळं रान हाय. चार बोटं गहू हुता, हितकाच. त्यातनं घातली मी गाडी, या टोकापासनं त्या टोकापातुर. मालक बांधावर हुबा. म्हातारा माणूस. काय बोलला न्हाय." त्यांनी बोट कोंबांतून बाहेर काढलं. "आन् मी फोटोत हसतोय."

मायाक्कांनी पन्नास वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं असावं, कारण त्यांचा माळेवरचा हात तसाच राहिला. एका शेतकऱ्याच्या पोराने दुसऱ्याच्या पिकातून रणगाडा नेला होता आणि इतकी वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी नकळत पुढे वाकलो, त्यांचा चेहरा बघायला.

"जरा सरका की," ते म्हणाले. "उजेड अडतोय."

सोनालीने सवयीने तोंड उघडलं, "अहो, बाबा म्हणतायत की..." आणि ती मध्येच थांबली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. ते माझ्याशी बोलले होते. मधे कुणी नव्हतं. मी सरकलो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी सरकलो नसेन.

पुढचे चार दिवस आमच्या देवघरात रणगाड्याची आरती झाली. रोजची माळ तोफेच्या नळीला. कॉलनीतल्या बायका दर्शनाला येऊन गेल्या, आणि दोघींनी पुढच्या वर्षीसाठी असाच रणगाडा करून मिळेल का म्हणून विचारलं. खंडेनवमीला आमच्याकडे एरवी विळी, कात्री आणि माझा शिक्का एवढीच शस्त्रं पूजेला असतात. यंदा थाट होता. दसऱ्याला धुळाप्पांनी स्वतःच्या हाताने गव्हाचे कोंब काढले, एक तुरा आपल्या फेट्यात खोवला आणि दुसरा माझ्या टोपीत. माझा हात आपोआप त्यांच्या पायांकडे गेला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, ते "सरका" म्हणाल्यावर, मला राहवलं नाही. मी हात जोडून म्हणालो, "मामा, तो फोटो माझ्यामुळे गेला. बारा वर्षं मला खात होतं ते."

"फोटोचं ऱ्हाऊ द्या, पावनं," धुळाप्पा म्हणाले. "त्यो मला बघवतच न्हवता. गेला ते झ्याक झालं."

"मग तुम्ही बोलत का नव्हता?"

"एकदा तोंड उघडलं असतं तर समदं निघालं असतं. लेकीच्या संसारात कशाला, म्हनून गप बसलो." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, पाठ भिंतीला टेकवली आणि सोनालीला चहा टाकायला सांगितलं. "आता बोलायला लागलोच हाय, तर बसा. लग्नापासनं सुरू करतो."

सैन्यातला माणूस. तारीख, वार, जागा, साक्षीदार सगळं पाठ. दोन हजार आठ, मे महिना, अक्षता पडत असताना मी मोबाइलवर बोललो होतो. त्याच वर्षी श्रावणात त्यांच्या मेंढ्याला मी बोकड म्हणालो होतो. चहा तीनदा झाला. दसऱ्यापर्यंत दोन हजार नऊ संपलं. मग ते वस्तीवर परत गेले, आणि मला वाटलं, झालं.

आता रोज सकाळी सहाला फोन येतो. सोनालीच्या फोनवर नाही, थेट माझ्या. मी अंथरुणातच उठून बसतो आणि ऐकतो. ते एकही गोष्ट गाळत नाहीत आणि एकही गोष्ट दोनदा सांगत नाहीत. सध्या आमचं दोन हजार अकरा चालू आहे.